नाण्याची किंमत नको, नाण्यावरचा लेख छापा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या अंकात 'मडक्यात सापडला कोट्यवधींचा खजिना' ही बातमी वाचली. पायाचे खोदकाम चालू असताना मातीचे मडके फुटले, आतून चांदीची बारीक नाणी निघाली, बघ्यांची झुंबड उडाली, पंचनामा झाला, एवढे तिच्यातून कळते. सोबत दोन फोटो आहेत. एकात कुणाच्या तरी तळहातावर एक नाणे आहे आणि त्यावर, बातमीदाराच्या शब्दांत, 'एखाद्या राणीचा मुखवटा' आहे. दुसऱ्या फोटोतले नाणे चक्क खाली डोके वर पाय छापले आहे. डोंगर टांगलेला आणि नदी आभाळात.

मी जन्मभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवले. उलटे अक्षर वाचणे हा आमचा रोजचा धंदा, त्यामुळे असली गोष्ट लगेच डोळ्यांत खुपते. निवृत्तीनंतर जुन्या नाण्यांवरचे लेख वाचण्याचा नाद लागला, तोही त्याच सवयीतून. नाण्याचा ठसा कोरणारा कारागीरही आमच्याच पंथाचा. तो पोलादात उलटे कोरतो तेव्हा कुठे चांदीवर सुलटे उमटते. कधी त्याचे अवधान सुटते आणि एखादे अक्षर नाण्यावर उलटेच येते. कधी आधीचे नाणे वरच्या ठशालाच चिकटून बसते. मग पुढच्या नाण्यावर एका बाजूला नेहमीचे चित्र उठते आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट नि आरशातल्यासारखे उमटते. नवशिके असल्या नाण्याला बनावट ठरवून मोकळे होतात. माझ्या मते इतके प्रामाणिक नाणे दुसरे नसते, कारण टाकसाळीतल्या घाईचा तो पुरावाच आहे.

आता आपल्या फोटोतल्या राणीविषयी. त्या राणीला मिशी आहे, भिंगाशिवाय दिसते. उजवीकडे पाहणारा चेहरा, मानेवर रुळणारे केस, डोक्यावर घट्ट बसलेली टोपी. आणि मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी नागमोडी रेघ, माथ्यावर चंद्रकोर. हे पश्चिमी क्षत्रपांचे, म्हणजे पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या शक राजांचे, नाणे आहे. दोन-सव्वादोन ग्रॅम चांदी, करंगळीच्या नखाएवढा आकार. असली नाणी गुजरात, माळवा आणि महाराष्ट्रात पुष्कळ सापडली आहेत. क्षत्रपांनी एक असे काम केले की त्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांचे पाय धरावेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी चांदीच्या नाण्यांवर साल घालायला सुरुवात केली. ते साल राजाच्या डोक्याच्या मागे, ब्राह्मी अंकांत असते. आणि आपल्या कार्यालयात फोटो कापताना नेमका डोक्यामागचा भाग कापला गेला आहे. तळहाताची रेष न् रेष छापली आहे, साल तेवढे गेले.

ते अंक वाचणे फारसे अवघड नसते. तेव्हा शून्य घालून स्थानावरून किंमत ठरवायची पद्धत या नाण्यांवर नव्हती. शंभरासाठी एक चिन्ह, चाळिसासाठी वेगळे, दोनासाठी आडव्या दोन रेघा. ही तिन्ही चिन्हे एकापुढे एक दिसली तर शक 142. त्यात 78 मिळवले की इसवी सन 220. म्हणजे पहिल्या रुद्रसेनाचा काळ. पंचांग उघडायची गरज नाही. इतकी रोकठोक तारीख त्या काळच्या फार थोड्या वस्तूंवर मिळते. अडचण एकच, की चांदीची चकती ठशापेक्षा लहान असायची. त्यामुळे कधी शंभराचे चिन्ह कडेबाहेर जाते, कधी एकम् जातो.

मागच्या बाजूच्या लेखाचेही तेच. डोंगराभोवती गोल फिरणारा लेख पूर्ण असला तर 'राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस' असा लांबलचक असतो. आधी बापाचे नाव हुद्द्यासकट, मग मुलाचे. हा बापाच्या नावाचा आग्रह निष्कारण नाही. या घराण्यात रुद्रसेन एकच झाला नाही. पहिला रुद्रसिंहाचा मुलगा, दुसरा वीरदामनाचा, तिसरा दुसऱ्या रुद्रदामनाचा. नुसते 'रुद्रसेनस' वाचून 'रुद्रसेनाचे नाणे' असे लिहिणे म्हणजे शाळेच्या हजेरीपटात नुसते 'गणेश' लिहिण्यासारखे आहे. हुद्दाही पाहावा लागतो. क्षत्रप म्हणजे धाकटी पाती, महाक्षत्रप म्हणजे थोरली. एकच माणूस काही वर्षे क्षत्रप म्हणून आणि नंतर महाक्षत्रप म्हणून नाणी पाडतो आणि सालांवरून त्याची बढती कधी झाली ते कळते.

हीच गोष्ट सातवाहनांची. 'गोतमिपुतस' एवढे वाचता आले की आपल्याकडे लगेच 'गौतमीपुत्र सातकर्णीचे नाणे सापडले' असा मथळा येतो. पण यज्ञ सातकर्णीही स्वतःला गौतमीपुत्रच म्हणवतो. 'वासिठिपुतस' म्हणवणारेही एकाहून अधिक आहेत, पुळुमावी त्यांतला एक. आईचे नाव वाचून थांबायचे नसते, पुढचे दोन शब्द वाचायचे असतात. ते त्या नाण्यावर नसतील तर 'नाव अपूर्ण' असे लिहावे. त्यात कमीपणा काय? प्रूफावर आम्ही न लागणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह टाकत होतो. मनाने शब्द भरणारा मुद्रितशोधक कुठल्याच छापखान्यात टिकला नाही.

आणि म्हणूनच मडक्यातली सगळी नाणी एकत्र राहिली पाहिजेत. हे मला या पत्रात सगळ्यांत जास्त सांगायचे आहे. एका नाण्यावर लेखाची पहिली सहा अक्षरे उमटलेली असतात, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. तीनही एकाच ठशातून पाडलेली आहेत हे चेहऱ्याच्या एखाद्या बारीक खोडीवरून ओळखू येते, नाकाजवळचा टिपका म्हणा किंवा कानाची वाकडी कड. मग तीन अर्धवट लेख जुळवून एक पूर्ण लेख उभा राहतो. ठेवा पन्नास घरांत वाटला गेला की ती अक्षरे पुन्हा कधीच जवळ येत नाहीत. आपल्या बातमीत एक वाक्य आहे: 'काही नाणी ग्रामस्थांनी आठवण म्हणून नेल्याचे समजते.' बातमी खरी तर त्या वाक्यातच होती, आणि ती शेवटच्या ओळीत ढकलली आहे.

ठेवा एकत्र राहिला तर काय मिळते, याचे उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. 1906 मध्ये जोगळटेंभी येथे चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा ठेवा निघाला. सगळी नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. पुढे त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांचा बिघडत गेलेला लेख, मागे बाण आणि वज्र, नि 'राज्ञो क्षहरातस नहपानस' हा मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिप्यांत. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे, एका बाजूला कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळे. नाणे वितळवून नवे पाडायची तसदीही घेतली नाही. शत्रूच्या चेहऱ्यावरच थाप मारली. असे नाणे तिरक्या उजेडात धरले की डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक अजून डोकावताना दिसते. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे म्हटले आहे. शिलालेखात राजाची स्तुती असायचीच, ती आपण थोडी सोडून देतो. पण ही हजारो नाणी कुणाची भाटगिरी करत नाहीत. त्यांतली दहा-वीसच हाती लागली असती, तर त्यांवरून कुणी एवढे विधान करायला धजले नसते. आणखी एक. नहपानाचे त्या नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत, कुठे तरणा तर कुठे गाल बसलेला म्हातारा. त्याचा अर्थ काय यावर वाद झाले. वाद व्हायलाही आधी नाणी शेजारी शेजारी मांडलेली असावी लागतात.

दुसरे उदाहरण एकाच नाण्याचे. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप खणला. आत दगडी पेटी होती, तिच्यात एकात एक अशी करंडके, आणि त्यांबरोबर यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक नाणे. हेच नाणे बाजारात मिळाले असते तर ते छानसे चांदीचे नाणे ठरले असते, बस्स. पेटीत मिळाल्यामुळे त्या स्तूपाचा काळ सांगायला ते साक्षीदार म्हणून उभे राहिले. भगवानलालांनी ते कुठे, कशाबरोबर होते हे टिपून ठेवले. नाणे कुठे सापडले, किती खोलीवर, मडक्याचा रंग कोणता, मडक्याची खापरे ठेवली की फेकली, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची आहे. बातमीत मडक्याविषयी 'फुटले' यापलीकडे अक्षर नाही.

किंमत विचारण्याचा मोह मी समजू शकतो. वाचकाला तेच हवे असते असे आपण म्हणाल. पण 'कोट्यवधी' हा आकडा आला कुठून? वजन दिलेले नाही, संख्या 'शेकडो' आहे, राजा माहीत नाही. मग किंमत कुणी केली? या आकड्याचा परिणाम मात्र जमिनीवर होतो. दुसऱ्या दिवशी आसपासची शेते लोक रात्री खणू लागतात, आणि ज्याच्या घरात चार नाणी गेली आहेत तो ती दडवतो किंवा सोनाराच्या मुशीत टाकून मोकळा होतो.

त्याऐवजी कायदा सांगितलात तर उपयोग होईल. 1878 चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, लपवले तर शिक्षा आहे. एवढे लोकांना ऐकून माहीत असते, आणि म्हणूनच ते घाबरतात. पुढचे कुणी सांगत नाही. ठेव्याला कुणी मालक नाही असे ठरले, तर त्यावर सापडवणाऱ्याचा हक्क असतो. जमीनमालकाने दावा केला आणि दोघांत आधीचा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी जादा रक्कम देऊन तो घेता येतो. धातूच्या भावाने इतिहास मोजणारी ही तरतूद मला तोकडी वाटते, तो वाद वेगळा. पण 'सरकार सगळे काढून घेते, हातात काही पडत नाही' हा समज खोटा आहे आणि वर्तमानपत्राने तो खोडला पाहिजे. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही, हेही एका ओळीत येऊ शकते.

राम दरबार, हनुमान किंवा कमळ असलेल्या आणि 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असे लिहिलेल्या तांब्याच्या नाण्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात. कंपनीने असले नाणे कधी काढलेच नाही. देशभर चालणारी एकसारखी नाणी 1835 पासूनची. त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांची आपापली वेगळी. ही हनुमानाची नाणी अलीकडची, भाविकांसाठी नाहीतर भोळ्यांसाठी केलेली. तांदूळ ओढून घेणारे नाणे हा तर उघड फसवणुकीचा धंदा आहे, त्यावर अधिक शाई खर्च करत नाही. शिवराईबद्दल मात्र सांगतो. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे असलेले प्रत्येक तांब्याचे नाणे शिवकालीन नसते. ती अक्षरे पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे तशीच ठोकली जात होती. अक्षराचे वळण, शब्दांची मांडणी, मधली रेघ एक आहे की दोन, ठिपके कुठे आहेत, यावरून काळ ठरतो. दोन रेघांची, जिला दुदांडी म्हणतात, ती बरीच उशिराची. महाराजांच्या नावाने भावना उचंबळून येतात हे खरे, पण म्हणूनच आपण जास्त बारकाईने वाचायला हवे.

आता आपल्या बातमीतल्या ज्या फोटोने मी खरोखर कळवळलो, त्याविषयी. फोटोखाली लिहिले आहे, 'नाणी घासून स्वच्छ केल्यावर अशी लखलखीत दिसू लागली.' अहो, ती लखलख म्हणजे जखम आहे. जुन्या चांदीवरचा काळपट थर आणि तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर त्या धातूची कातडी असते. अक्षरांच्या कडा त्या थरातच टिकलेल्या असतात. राख, लिंबू, टूथपेस्ट, तारेचा ब्रश, यांतले काहीही लागले की अक्षराचे टोक आधी जाते. क्षत्रपांच्या नाण्यावर अक्षराची जाडी ती किती? एका पुसण्यात 'द' आणि 'स' यांच्यातला फरक संपतो. रोमच्या तिसऱ्या शतकातल्या उत्तरार्धातल्या नाण्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांत चांदी नावापुरती उरली होती, वर फक्त चांदीचा पातळ पापुद्रा. घासणारा तो पापुद्रा पुसून टाकतो आणि 'तांब्याचे नाणे सापडले' म्हणून सांगत सुटतो.

माती लागलेली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि मऊ कापडावर टिपून वाळवावे. चोळू नये. तांब्या-काशावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर तो रोग आहे. धातूत शिरलेले क्षार ओलाव्याने धातू पोखरत जातात. असे नाणे वेगळे काढून कोरडे ठेवावे आणि संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाकडे न्यावे. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिसे पांढरे पडून भुगा होते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत काही वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो, आणि रबर बँडमधल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. साध्या कागदाचे पाकीट आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेली नोंद, याहून चांगली सोय मला तरी सापडलेली नाही.

खरे-खोटे ओळखण्यासाठी लोक माझ्याकडे फोटो पाठवतात. फोटोवरून मी कधीच खरे म्हणत नाही, खोटे मात्र पुष्कळदा म्हणता येते. ठोकून पाडलेल्या दोन प्राचीन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण चकतीचा बाह्याकार, कडेची चीर, ठसा एका बाजूला किती सरकला आहे, हे सगळे तंतोतंत एक असूच शकत नाही. तसे दिसले तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत. साच्यातल्या नाण्याच्या कडेवर कानशीने घासलेली जोडरेघ शोधावी. अक्षरांभोवती सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात, ते ओतताना अडकलेल्या हवेचे. मग वजन. नाणे मोठे असेल, मुघल रुपया म्हणा, तर घनताही काढता येते. हवेत 11.40 ग्रॅम भरले आणि दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर 1.10 ग्रॅमने कमी भरले, तर 11.40 भागिले 1.10 म्हणजे 10.36. शुद्ध चांदी 10.5, तांबे 8.9. म्हणजे चांदी बरी आहे. क्षत्रपांच्या चिमुकल्या नाण्यावर हा प्रयोग करू नये. तिथे काट्याची ग्रॅमच्या शंभराव्या भागाची चूकही उत्तर पार बिघडवते. आणि शिसे 11.3 असल्याने तांब्यात शिसे मिसळून घनता जमवणारे महाभागही असतात, तेव्हा आकडा जुळला म्हणून हुरळून जाऊ नये.

पदकांना यातले सगळे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. युरोपात चेहऱ्याची पदके करण्याची प्रथा ज्याच्यापासून मानतात, त्या पिसानेल्लो या इटालियन चित्रकाराने 1438 च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठव्या योहानचे पदक केले ते ओतूनच. तिथे ओतीव म्हणजे खोटे असे म्हणता येत नाही. तिथे पाहायची ती कड. पॅरिसच्या टाकसाळीने जुन्या ठशांवरून पदके पुन्हा पुन्हा काढली, पण कडेवर खूण मारली. 1860 नंतर मधमाशी, 1880 पासून फळाफुलांचे शिंग. तेव्हा नेपोलियनच्या विजयाचे पदक असेल आणि कडेवर शिंग असेल, तर त्या पदकाने नेपोलियनला पाहिलेले नाही.

आपल्याकडे मात्र पदक म्हणजे बहुतेक वेळा फौजेतल्या पणजोबांचे. कोकण-देशावरच्या कितीतरी घरांत, ट्रंकेच्या तळाशी, ती आहेत. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. त्या युद्धाच्या 1914-18 च्या चांदीच्या पदकाचा व्यास 36 मिलिमीटर. त्याच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नुसती चांदी म्हणून त्यांतली कितीतरी वितळवली गेली. हेच पदक काशाचे दिसले तर नकली समजू नका. कामगार तुकड्यांतल्या माणसांना काशाचे देत असत, ज्यांनी बंदूक न धरता ओझी वाहिली आणि खंदक खणले. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटनमधून दिली ती बिननावाची, पण भारतातून दिलेल्यांच्या कडेवर वा मागे बहुधा नाव आणि क्रमांक असतो. आणि त्याहून जुनी पदके. 1803 ते 1826 दरम्यानच्या लढायांसाठीचे पदक 1851 मध्ये मंजूर झाले, म्हणजे जे तोवर जिवंत होते त्यांनाच मिळाले. त्याच्या फितीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आसई, आडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव ही आपली गावे इंग्रजी स्पेलिंगमध्ये अशी काही मोडून लिहिली आहेत की चटकन ओळखू येत नाहीत. पदकावर सनावळी 1799 पासून कोरलेली आहे, लढायांच्या पट्ट्या मात्र 1803 पासूनच्या. अधिकृत वस्तूवरचा छापील मजकूरही तपासून घ्यावा लागतो, हे आमच्या धंद्यात वेगळे शिकवावे लागत नाही.

पदकाची कड कानशीने घासून जुने नाव पुसायचे आणि नवे कोरायचे, हा उद्योगही चालतो. मग व्यास 36 ऐवजी थोडा कमी भरतो आणि कडेचा कोन बोथट लागतो. पण आपल्याच घरातले लोक दर सणाला पॉलिश लावून हेच काम फुकटात करतात. चेहरा चमकतो आणि कडेवरचे नाव दर वर्षी थोडे थोडे जाते.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. नाण्यांची बातमी आली की दोन्ही बाजूंचे फोटो पूर्ण कडेसह छापावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. एका नाण्याचे वजन द्यावे. एकूण किती नाणी मोजली आणि किती गहाळ झाली हे लिहावे. मडक्याचा फोटो असेल तर तोही छापावा. अंदाजे किंमत गाळावी. लेख वाचता येत नसेल तर जिल्ह्यातल्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेला फोटो दाखवावा आणि बातमी एक दिवस उशिरा छापावी. अठराशे वर्षे थांबलेल्या मजकुराला एक दिवस जास्त होत नाही. आणि या ठेव्यातली नाणी ज्यांनी 'आठवण म्हणून' नेली आहेत, त्यांना ती तहसील कार्यालयात आणून देण्याचे आवाहन आपल्याच पहिल्या पानावर करावे. कायद्यातली तीन चतुर्थांशाची तरतूद त्याच चौकटीत छापावी. मग फरक पडेल.

आपला,
एक निवृत्त खिळे जुळारी

ता. क. कडेवरचे नाव वाचण्यासाठी खडू किंवा पावडर भरू नये. खोली अंधारी करावी, पदक आडवे धरावे आणि टॉर्चचा उजेड कडेला जवळजवळ समांतर टाकून पदक हळूहळू फिरवावे. अक्षर उठून दिसते त्या क्षणी मोबाइलने फोटो घ्यावा, एका फेरीत सात-आठ घ्यावेत. क्रमांक आधी लिहून ठेवावा, नाव नंतर. नावाचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने मनाला येईल तसे केलेले असते. फौजेच्या कागदपत्रांत शोध घ्यायचा तो क्रमांकानेच.